एक नग, चार डोकी

खैरनार बाईंना "हा कोणता पक्षी?" असं विचारायची सोय नव्हती. कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबावर काहीतरी बसलेलं असायचं, एखादा मुलगा हौसेनं विचारायचा, आणि बाई उलट त्यालाच विचारायच्या, "कुठं बसला होता? शेंड्याला की आत?" मुलगा म्हणायचा, शेंड्याला. "शेपूट हलवत होता का?" मुलाला आठवायचं नाही. "मग जा, बघून ये." मुलगा जाईपर्यंत पक्षी उडालेला असायचा आणि मुलगा पुन्हा कधी फिरकायचा नाही. अशा रीतीनं बाईंनी किती मुलांना पक्ष्यांपासून कायमचं दूर ठेवलं असेल ते सांगता येत नाही. मी मात्र दूर राहू शकलो नाही. कारण मी त्यांच्या हाताखाली नोकरीला होतो.

एकोणऐंशी साली मी आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. नाशिकच्या ज्या वस्तीत मी वाढलो तिथं पुस्तकांच्या आधी पत्रकं पोहोचली होती. वडील पत्रकं वाटायचे आणि उरलेली आई फडताळात अंथरायची. भाकरीची टोपली उचलली की खाली "बंधू-भगिनींनो, जागे व्हा" असं असायचं. मी वाचायला त्यावरच शिकलो. त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट एक तर आपल्या बाजूची असते नाहीतर विरुद्ध बाजूची, आणि ती कोणत्या बाजूची हे पहिल्या ओळीत कळायला हवं, असं माझं मत होतं. ते अजूनही फारसं बदललेलं नाही. बाई कोणत्या बाजूच्या हे मला आठ वर्षांत कळलं नाही.

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून पोरं मागून हसायची. बाईंना ते ऐकू यायचं, पण पोरांचं हसणं हा काही नोंदवण्याजोगा आवाज नव्हता. त्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या आणि डेमॉन्स्ट्रेटरच राहिल्या. त्यांच्यामागून आलेले दोघं जण त्यांच्या डोक्यावरून पुढं गेले. मी म्हणालो, "बाई, हा अन्याय आहे, अर्ज करा." त्या म्हणाल्या, "मार्चात करू, आत्ता बदकं आलीत." मार्चात बदकं गेली आणि दुसरं काहीतरी आलं. बोलणं शहरी, स्वच्छ. पण राग आला किंवा एखाद्या गोष्टीची पुरती खात्री असली की बाई अहिराणीवर यायच्या. खात्री त्यांना क्वचितच असायची, त्यामुळं अहिराणी ऐकू आली की बहुधा मी काहीतरी फोडलेलं असायचं.

एकदा पंचवटीत आमच्या विभागाच्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. सगळे अक्षता घेऊन उभे. मंगलाष्टकं सुरू झाली आणि बाई हातातल्या अक्षतांसकट मांडवाबाहेर निघून गेल्या. घाटावर घारी फिरत होत्या आणि त्यातल्या एकीची शेपटी बाईंना वेगळी वाटली. परत आल्या तेव्हा पंगत बसली होती. मुलीचा बाप म्हणाला, "बाई, आशीर्वाद राहिला की." बाई म्हणाल्या, "दिला ना, बाहेरूनच दिला. मोकळ्यात जास्त लांब जातो." तो बिचारा खूश झाला. मी त्यांच्या शेजारी जेवायला बसलो होतो. पूर्ण पंगतभर त्या अक्षता त्यांच्या डाव्या मुठीत तशाच होत्या.

आमचं संग्रहालय म्हणजे उत्तरेकडची एक लांब खोली. फॉर्मॅलिनच्या बरण्या, सांगाडे, आणि भुसा भरलेला एक कोल्हा, ज्याचा एक डोळा काचेचा आणि दुसरा शर्टाचं बटण होता. भिंतीकडच्या कपाटांत पक्षी. उभे केलेले थोडे. बाकीचे कातडी सोलून, कापूस भरून, पाठीवर निजवलेले. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. माझ्या वैतागाची सुरुवात या चिठ्ठ्यांपासून झाली.

चिठ्ठीवर जागा, दिवस आणि पक्षी धरणाऱ्याचं नाव बाई काळ्या शाईनं लिहायच्या. पक्ष्याचं नाव मात्र पेन्सिलीनं. पेन्सिल पुसट झाली की मी ती पुन्हा गिरवायची. एकदा मी आपल्या हुशारीनं सगळी नावं शाईनं गिरवून ठेवली. चाळीस चिठ्ठ्या. बाईंनी कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "हाई काय करी टाकं तू?" मग त्यांनी चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या, माझ्यासमोर बसून. शिक्षा म्हणून मला नुसतं बघायला लावलं.

मी म्हणालो, "बाई, नाव हीच तर मुख्य गोष्ट. तेच पेन्सिलीनं?"

"नाव हे आपलं मत आहे. ते बदलतं. कुठं सापडला, कधी, कोणी धरला, हे घडलेलं आहे."

मला राग आला. मी म्हणालो, "तुम्हाला नावाची किंमत कळायची नाही, बाई. माझ्या बापानं धर्म बदलला. एका कचेरीच्या यादीत आम्ही आहोत, दुसऱ्या कचेरीच्या यादीत नाही. एक साहेब म्हणतो जुनं नाव लिहा, दुसरा म्हणतो नवं लिहिलंत म्हणून सवलत गेली. आम्ही आमचं नाव शाईनं लिहिलंय आणि त्यासाठी मार खाल्लाय."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माणसाला विचारता येतं, तू कोण म्हणून. तो सांगेल ते शाईनंच लिहायचं. त्यात दुसऱ्यानं बोलायचं नाही." आणि पुढची चिठ्ठी ओढून घेत म्हणाल्या, "पाखराला विचारता येत नाही. म्हणून पेन्सिल."

या बाईशी भांडायला गेलं की असं व्हायचं. आपण सगळी तयारी करून मैदानात उतरावं आणि समोरचा माणूस आपल्याच बाजूला येऊन उभा राहावा, तेही कसलीही घोषणा न देता. त्यासारखी चिडीची गोष्ट नाही.

त्यांचा दुसरा छळ म्हणजे एक प्रश्न: "बघितलं का वाचलं?" तुम्ही काहीही बोला. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं की विंचूरला कांद्याचा भाव पडला, तरी बाई विचारणार, "बघितलं का वाचलं?" एकदा मी आमच्या मंडळासाठी पत्रक लिहीत होतो. गावोगाव पाणवठ्यावरून आमच्या माणसांना हुसकावतात, असा मजकूर होता. बाईंनी मागून वाचलं आणि विचारलं, "बघितलं का वाचलं?"

मी म्हणालो, "भोगलं."

त्या आपल्या जागेवर परत गेल्या. मला वाटलं, एकदा तरी जिंकलो. दहा मिनिटांनी माझ्या टेबलाशी आल्या. "मग गावाचं नाव कुठं आहे? दिवस? विहीर कुणाची? हुसकावणारा कोण? 'गावोगाव' लिहिलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही." मी रागारागानं ते पत्रक फाडलं आणि गाव, विहीर, माणूस असं सगळं घालून नवं लिहिलं. त्या पत्रकावरून पहिल्यांदा मामलेदार कचेरीतून चौकशीला माणूस आला. मी बाईंना हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

आता पिवळ्या धोब्याकडं येतो, कारण माझा खरा वैताग तो आहे.

पिवळा धोबी हा चिमणीपेक्षा बारीक, लांब शेपटीचा पक्षी. ती शेपटी तो सारखी खालीवर करतो म्हणून लोकांनी त्याला धोबी केलं. आपल्याकडं पाखरांनाही धंदा चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. हिवाळ्यात हे धोबी निफाडकडं नांदूरमधमेश्वरच्या धरणावर उतरतात आणि गुरांच्या पायात किडे वेचत फिरतात. थंडीत सगळे सारखेच मळकट. पण उन्हाळा लागला, परत जायची वेळ आली, की त्यांची डोकी रंगतात. कुणाचं काळंभोर, कुणाचं राखी, कुणाचं निळसर, कुणाचं पार पिवळं. आणि डोकी रंगली की ते महिन्याभरात उत्तरेला हजारो मैलांवर घरटी करायला निघून जातात. जुन्या पुस्तकात या चार डोक्यांच्या चार वेगळ्या जाती धरल्या होत्या. आमच्या कपाटात चारही होते. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, शिकारीचा कायदा यायच्या आधी, बाईंनी ते मिळवलेले. धरणावर मासेमारी करणाऱ्या दगू बर्डे नावाच्या भिल्लानं ते घोड्याच्या केसांच्या फाशात धरले होते. चौघांच्याही चिठ्ठ्यांवर शाईनं "धरणारा: दगू बर्डे" असं होतं. असल्या चिठ्ठीवर साहेबाचं नाव असतं एवढंच मला ठाऊक होतं. ते वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा बाईंवर मनातल्या मनात खूश झालो. त्यांना विचारलं, "याचं नाव का घातलंत?" त्या म्हणाल्या, "धरला त्यानं." एवढंच. त्यात काही तत्त्व आहे हे त्यांना कबूलच नव्हतं.

दर एप्रिलात बाई मला धरणावर न्यायच्या. एसटीनं निफाड, पुढं मिळेल त्या बैलगाडीनं. दगूही असायचा. आता तो धरत नसे, नुसता दाखवायचा. एका खेपेला बाई गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या, डोळ्याला दुर्बीण, आणि दगू मागं बिडी ओढत.

"बाई, त्यो म्हशीच्या पायाशी बघा. त्यो ना राखी हे, ना निळा."

"मधलाच आहे," बाई म्हणाल्या.

"मंग त्याला कोन्त्या खान्यात घालायचा?"

"तुला काय वाटतं, दगू?"

दगू म्हणाला, "मला इचारता तर पाखरू येकच हे. टोपी निराळी. आमच्यात बी कोन लाल फेटा बांधतो, कोन पांढरा. त्याच्यानं भिल्ल बदलतो व्हय?"

बाईंनी वही काढली आणि लिहून घेतलं. मी वाकून बघितलं. "दगू बर्डे यांचे मत: पक्षी एकच." खाली दिवस आणि जागा. मी म्हणालो, "हे मत आहे ना, मग पेन्सिलीनं लिहा." बाई म्हणाल्या, "मत पाखराबद्दल आहे. दगूनं ते दिलं, हे घडलंय." दगूला हे भांडण फार आवडलं. परत येईपर्यंत तो हसत होता.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी विद्यापीठाकडून संग्रहालयातल्या नमुन्यांची नवी यादी आली. तज्ज्ञांनी कुठंतरी दूर बसून चारी धोबी एका जातीत घातले होते. जुन्या यादीत चार ओळी होत्या, नव्या यादीत एक. हे एवढ्यावर थांबलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच महिन्यात आमच्या कॉलेजची डेडस्टॉकची, म्हणजे सगळ्या टिकाऊ सामानाची, वार्षिक तपासणी आली. समितीचे प्रमुख वाणिज्य विभागाचे सानप सर. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त यादी आणि कपाट जुळायला हवं होतं. यादीत नाही ते जादा, आणि जादा ते निर्लेखित, म्हणजे रजिस्टरातून खोडून नष्ट करायचं. कातड्यांना कीड लागू नये म्हणून आतून सोमल, म्हणजे विष, लावलेला असतो, त्यामुळं ती टाकून देता येत नाहीत. मागच्या खड्ड्यात जाळायची.

म्हणजे एका ओळीमुळं तीन पक्षी जळणार होते, आणि कायद्यामुळं त्यांच्या जागी दुसरे कधीही येणार नव्हते. बाईंना हे कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी दोनदा कपाट उघडलं आणि काही न करता बंद केलं. दगू त्याच पावसाळ्यात वारला होता. त्याचं नाव त्या चार चिठ्ठ्यांखेरीज कुठल्या कागदावर होतं की नाही, मला शंका आहे.

मी तोड काढली. जुनं पुस्तक कपाटात होतंच. "बाई, सानप सरांनी विचारलं की नुसतं 'चार' म्हणा. पुस्तक दाखवू. ते खोटंही नाही, छापलेलं आहे. सर मान डोलावून पुढच्या बाकड्याकडं जातील."

बाई काही बोलल्या नाहीत. मी ते होकार समजलो. ही माझी चूक.

समिती आली. सानप सर, बरोबर जिमखान्याचे सर आणि एक कारकून. सरांनी यादीवर बोट ठेवलं.

"पिवळा धोबी. यादीत एक, कपाटात चार. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"या चार वेगवेगळ्या जाती आहेत का, मॅडम?"

मी पुस्तक पुढं केलं. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नाही. एकच शे."

अहिराणी ऐकली आणि मी समजलो की आता ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

"मग तीन जादा," सानप सर म्हणाले.

"जादा कसे? एकच आहे म्हणूनच चार लागतात. वेगवेगळ्या असत्या तर एकेकीला एकेक पुरला असता. आता एकच ठेवला तर पोरांना वाटेल पिवळा धोबी म्हणजे काळ्या डोक्याचाच."

"म्हणजे जात कमी झाली की नग वाढतात?"

"वाढत नाहीत. होते तेवढेच राहतात."

"मॅडम, मी खुर्च्या मोजून आलोय. एका प्रकारच्या खुर्च्या जास्त झाल्या तर जास्तच म्हणतात."

"खुर्च्यांची डोकी एप्रिलात रंगत नाहीत," बाई म्हणाल्या.

जिमखान्याचे सर हसले. त्यामुळं सानप सरांचा आवाज चढला आणि त्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला: उत्तम स्थितीतला एक नमुना ठेवून उरलेले तीन आठवड्याभरात समितीसमक्ष नष्ट करावेत. ठेवायचा तो काळ्या डोक्याचा, कारण तो दिसायला ठसठशीत होता.

ते गेल्यावर मी बाईंना जे बोललो ते इथं लिहीत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतोस ते सोयीचं होतं. पण मी धरणावर मधली डोकी बघितलीत. बघून कसं नाही म्हणू?"

मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. "चार स्वतंत्र जाती एका फटक्यात पुसणारी ही दडपशाही" अशी सुरुवात होती. सायक्लोस्टाइल करून शंभर प्रती वाटल्या. बाईंनी एक प्रत घेतली आणि खोल्या झाडणाऱ्या माणसासमोर उभ्या राहून ती तपासली. "'स्वतंत्र' खोड. स्वतंत्र नाहीत. 'दडपशाही' कुणाची? पाखरं तिकडं एकमेकांत घरटी करतात, त्यांना कुणी दडपलेलं नाही."

"बाई, मी तुमच्या बाजूनं लढतोय."

"लढ. पण चुकीचं लिहून लढू नको. उद्या तुझं बरोबर असलेलंही कुणी मानणार नाही."

माझ्या पत्रकाचा परिणाम एकच झाला. प्राचार्य भडकले आणि आठवड्याची मुदत परवावर आली. बाईंनी मला त्याबद्दल एक शब्दही सुनावला नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई संग्रहालयात स्टुलावर बसून होत्या, समोर बेडकाच्या जीवनक्रमाची बरणी. तासभर त्या तिच्याकडंच बघत होत्या. मला वाटलं, बाई खचल्या. मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पगारे, हिच्यात बेडूक किती?"

"एक."

"मोज."

मी मोजले. अंड्यांचा पुंजका, बिनपायांचा, दोन पायांचा, चार पायांचा शेपटीवाला, पिल्लू, मोठा. "सहा," मी म्हणालो.

"आणि रजिस्टरात?"

मी रजिस्टर काढलं. "बेडूक, जीवनक्रम. नग एक."

बाई उठल्या. मोडक्या टेबलाच्या खणाची एक सागवानी फळी त्यांनी शोधून काढली, पुसली, आणि चारही धोबी त्यावर ओळीनं निजवून दोऱ्यानं बांधले. काळा, राखी, निळसर, पिवळा. चिठ्ठ्या चारही तशाच ठेवल्या, लोंबत्या. रजिस्टरात लिहिलं: "पिवळा धोबी, डोक्यांचे प्रकार. नग एक." दुसऱ्या दिवशी सानप सर काडेपेटीवाला शिपाई घेऊन आले. फळी बघितली, रजिस्टर बघितलं, यादी बघितली. त्यांचा चेहरा उजळला. "मग आधीच सांगायचं ना, मॅडम. जुळतंय की."

जुळलं. माझं पत्रक, माझा संताप, माझं पुस्तक, सगळं राहिलं बाजूला आणि एका फळीवर काम झालं. आणि बाई एवढ्यावर समाधानी राहिल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती.

पुढची चार-पाच वर्षं फळी सुखात होती. मुलं बघायची, चित्रं काढायची. बाईंच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. संग्रहालयाच्या किल्ल्या माझ्याकडं आल्या होत्या. एका सकाळी बाई हातात कुठलंसं परदेशी मासिक आणि आपल्या सात एप्रिलांच्या वह्या घेऊन आल्या.

"काळ्या डोक्याचा वेगळा असावा," त्या म्हणाल्या. "तिकडं काही जणांना तसं वाटायला लागलंय."

"हे वाचलं, बाई. बघितलं का?" मी त्यांचंच शस्त्र काढलं.

"म्हणून तर वह्या आणल्या. राखी आणि निळा यांच्यामधले मी पुष्कळ बघितलेत. काळ्याचा मधला एकही नाही. सात वर्षांत एकही नाही. समितीपुढं मी एकच म्हणाले, ते चुकीचं असावं. काळा त्या फळीवर नको. तो सोडव आणि वेगळी नोंद कर."

मी हात जोडले. "बाई, यादीत अजून एकच ओळ आहे. काळा सुटा झाला की तो यादीबाहेर. पुढच्या तपासणीला तो जादा ठरणार आणि खड्ड्यात जाणार. तुम्हीच वाचवलेला पक्षी तुम्हीच जाळायला देताय."

"माले माहीत शे."

"मग?"

"त्या फळीवर तो पोरांना खोटं सांगतोय."

"तुम्ही एकदा तरी एका बाजूला राहा, बाई."

"पाखरं आपली बाजू बघून डोकी रंगवत नाहीत," त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, "मी सोडवला असता. पण जाता जाता हात लावला तर लोक म्हणतील बाई काहीतरी करून गेली. तू कर. नोंद करून कर." दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर अर्ज आणून दिला, तीन प्रतींत. मी आवकेत घेतला, शिक्का मारला आणि खणात ठेवला. अर्ज दाबून ठेवणाऱ्या कारकुनांविरुद्ध मी आयुष्यात किती पत्रकं लिहिली असतील. तो अर्ज मी दाबून ठेवला. रोज खण उघडायचो आणि वाटायचं, आज कात्री घ्यावी. मग फळीकडं बघायचो आणि खण लावायचो.

निरोपसमारंभानंतर दहाएक दिवसांनी बाई सटाण्याला कायमच्या निघाल्या. मी सीबीएसवर, एसटी स्टँडवर, पोहोचवायला गेलो. त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि वह्यांचं गाठोडं. मी ट्रंक टपावर चढवली. बाईंना खिडकीची जागा मिळाली होती. कंडक्टर दार आपटून बघत होता. बाईंनी खिडकीतून खाली वाकून विचारलं, "सोडवला का काळा?"

मी म्हणालो, "सोडवला, बाई."

"नोंद?"

"केली."

"नग किती झाले?"

"दोन."

या बाईंनी आयुष्यभर कुठल्या पुस्तकाचा शब्द तपासल्याशिवाय घेतला नाही. मला वाटलं, आता विचारतील, कुठं ठेवलास, कोणत्या खणात, कोणासमोर. त्यांनी विचारलं नाही. त्या हसल्या, मोकळं, मी आठ वर्षांत न बघितलेलं हसू, आणि म्हणाल्या, "छान केलंस." मग गाठोड्यातून वही काढून त्यांनी मांडीवर उघडली. गाडी हलली. पुढं दुसरी गाडी आडवी आली म्हणून बाईंची जरा थांबली, तेव्हा मला त्या पुन्हा दिसल्या. मान खाली घालून, धक्क्यानं अक्षर हलू नये म्हणून वही दुसऱ्या हातानं घट्ट धरून, मी सांगितलेलं त्या लिहून घेत होत्या.